परांड्याची ओसरी

ता. भूम, जि. धाराशिव
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दत्तू,

भाऊबीजेला तू ओट्यावरून उठून गेलास, ते मला फार लागलं. कपात चहा अर्धा तसाच होता. जाताना एवढंच म्हणालास, "त्या परांड्याच्या मास्तरांना सगळं माहीत, आणि मला माझ्या मित्राचं वहिनीकडून कळतंय." त्या वेळी मला काही बोलता आलं नाही. एक तर घाईत बोलायला गेलो की माझी जीभ अजून अडखळते. शिवाय तू म्हणालास ते खरंच होतं. म्हणून हे पत्र. लिहिताना पाण्याच्या घोटासाठी थांबलो तरी समोरचं कुणी ताटकळत नाही.

आजारपणातलं तुला माहीत आहे. २०२४ च्या जानेवारीत गालाच्या आतली जखम भरेना म्हणून बार्शीला दाखवलं, तुकडा तपासायला गेला, कॅन्सर निघाला, मग ऑपरेशन. डाव्या गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. त्यानंतर तीस लाइट, म्हणजे किरणांचे डोस, आठवड्याला पाच, तोंडावर जाळीचा मुखवटा आवळून. तू दोनदा रजा काढून आलास, पैसे पाठवलेस. त्या पाच महिन्यांत मला घाबरायलाही सवड नव्हती. आज रक्त, उद्या लाइट, परवा ड्रेसिंग. सगळं घर माझ्याभोवती धावत होतं.

खरं अवघड त्यानंतर सुरू झालं, आणि तेच मी तुला सांगितलं नाही.

शेवटची लाइट झाली त्या संध्याकाळी घरी पेढे केले. आपल्याच भट्टीचा खवा. माईने पहिला पेढा माझ्या तोंडात घातला आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले. दत्तू, ओली माती तोंडात धरल्यासारखं वाटलं. आजोबांपासून आमची भट्टी. कढईतला खवा उतरवायची वेळ झाली का, हे मी नखावर कण घेऊन जिभेला लावून सांगायचो. त्या जिभेला गोड कळेना. मी मान हलवून "छान झालाय" म्हणालो. त्या दिवसापासून घरात खोटं बोलायला लागलो.

किरणांनी तोंडातली लाळ आटते, चव जाते, जबडा आखडतो, हे डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं. चव बहुतेकांची महिन्या-महिन्यांनी थोडी थोडी परत येते, माझीही येतेय. पण रात्रीचं कुणी सांगितलं नव्हतं. दोन वाजता उठायचो, मोरीत जाऊन मोबाईलची बॅटरी लावायचो आणि आरशात तोंड बघायचो. मानेवर बोटं फिरवून गाठ चाचपायचो. इतकी चाचपायचो की ती जागा दुखायला लागायची, आणि दुखतंय म्हणून पुन्हा भीती. तुझी वहिनी जागीच असायची. तिच्या श्वासावरून कळायचं. ती झोपेचं सोंग घ्यायची, मी पाणी प्यायला उठल्याचं. ज्या बाईने मला पाच महिने नळीने दूध पाजलं, तिला आता मी कुठल्या तोंडाने सांगू की मला अजून भीती वाटते? ती तर कुठे जरा टेकली होती.

आणि तुझा फोन. तो मी का उचलत नव्हतो, ते आज सांगतो. स्क्रीनवर तुझं नाव आलं की मला भूमचं एसटी स्टँड दिसायचं. बारावीची परीक्षा संपलेली, तू आणि मी बाकड्यावर, एक पुडी दोघांत. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तोवर आपल्याला ती चांगलीच लागली होती, आणि बंदीनंतरही फाट्यावर मिळतच राहिली. मी ती माझ्या हाताने तोंडात टाकली, त्यात तुझा काहीच दोष नाही. पण मला भीती होती की बोलता बोलता माझ्या तोंडून काहीतरी निघेल आणि तू ते जन्मभर उरावर घेशील. त्यापेक्षा फोन वाजू दिलेला बरा वाटायचा.

मास्तर भेटले ते बार्शीतच, तपासणीच्या दिवशी, बाकावर. ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली आहेत. त्यांचंही गालाचंच होतं, माझ्या चार वर्षं आधीचं. शेजारी बसले आणि गावबिव काही न विचारता हळूच म्हणाले, "रात्री बॅटरी लावून तोंड बघता का?"

मला वाटलं, यांना कुणी सांगितलं? मी काहीच बोललो नाही, पण माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी शर्टाची कॉलर बाजूला करून मानेवरचा व्रण दाखवला. म्हणाले, "मी वर्षभर बघत होतो. आता महिन्यातनं एकदा बघतो, एक तारखेला, सकाळच्या उजेडात. मधे काही दुखलं आणि पंधरा दिवसांत बसलं नाही, तर डॉक्टर. मी नाही ठरवायचं." मग पिशवीतून रबर लावलेली आइस्क्रीमच्या काड्यांची जुडी काढली. दातांमध्ये एकावर एक काड्या सरकवायच्या, जबडा ताणून धरायचा, दिवसातून चार-पाच वेळा. हा व्यायाम मलाही सांगितला होता, पण मी सोडून दिला होता. तिथेच बाकावर त्यांनी माझ्या मोजल्या. अकरा. आज सतरा जातात. तीन बोटं मावली की झालं, असं डॉक्टर म्हणतात. माझी अजून दोनच मावतात.

त्या महिन्यापासून मी पहिल्या रविवारी परांड्याला जातो. मास्तरांच्या घराची ओसरी, खाली सतरंजी, आम्ही पाच-सहा जण. त्यात एक मावशी आहेत, छातीचं ऑपरेशन झालेल्या. काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्यांचा तो हात सुजतो. त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, बांगडीही नाही. पहिले तीन महिने त्या फक्त ऐकत होत्या. एकदा चहा घेताना खाली बघत म्हणाल्या, "वरीस झालं, म्या आरशापुढं पदर काढला नाही." कुणी "असं काय म्हणता" म्हटलं नाही. कुणी धीर दिला नाही. बराच वेळ कोणी बोललंच नाही. आणि त्या शांततेत माझ्या तोंडून निघालं की मी भिंतीकडे तोंड करून जेवतो, कारण डाव्या कोपऱ्यातून कण्या-ताक ओघळतं आणि माझी लेक ते बघते. हे मी तोवर माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर कितीतरी महिन्यांनी छातीभरून श्वास घेतल्यासारखं वाटलं. त्या रात्री लेकीच्या समोर बसून जेवलो. तिने काहीही न बोलता रुमाल माझ्या ताटाशेजारी ठेवला.

तू म्हणशील, हेच तुझ्याशी बोलता आलं असतं. कदाचित आलं असतं. पण तुला सांगितलं की तुझा चेहरा बदलतो, आणि मग मी तुलाच सावरायला लागतो. तिथे कुणाचा चेहरा बदलत नाही. त्यांनी ते सगळं आधीच पाहिलेलं असतं.

मास्तर एक गोष्ट सांगतात, तीही तुला सांगाविशी वाटते. टाटा मेमोरियलच्या मदतीने बार्शीत १९८७ पासून बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांत कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवतात. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंद. म्हणजे माझं नावही कुठेतरी तिथे लिहिलेलं असणार, मास्तरांचंही. नोंदीत आम्ही शेजारी शेजारी आणि घरात मात्र जो तो एकटा. इतक्या वर्षांत आपल्या भागात हा आजार झालेली किती माणसं अशी गप्प राहून गेली असतील, याचा विचार मनातून जात नाही.

सगळं गोड नाही तिथे. आमच्यात आपल्या जिल्ह्यातल्या वाशीकडचा एक पोरगा होता, चौतीस वर्षांचा. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पहिली दोन वर्षं फार जपायची असतात, परत यायचा धोका तेव्हाच जास्त. त्याला आठव्या महिन्यात परत आला. माघात गेला. त्याच्या मातीहून आल्यावर मी दोन महिने परांड्याला गेलो नाही. मनात एकच, तो का आणि मी का नाही? त्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा जिवंत असल्याची मला लाज वाटली. मास्तर स्वतः एसटीने माझ्याकडे आले, भट्टीजवळ बसले, तासभर नुसते जाळाकडे बघत. जाताना म्हणाले, "मीही दोन रात्री झोपलो नाही." बस्स. पुढच्या रविवारी मी गेलो.

आमच्यातल्या एकाची झोप पार उडाली होती, जगण्यात राम नाही म्हणायचा. मास्तरांनी आमच्या बसण्यावर भागवलं नाही. त्याच ओसरीवरून त्याला १४४१६ लावून दिला. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. नंतर त्याने डॉक्टरांच्या गोळ्याही सुरू केल्या. मास्तरांचा नेम पक्का आहे. ओसरीवर मनातलं बोलायचं, औषध मात्र डॉक्टरांचं. कुणी काढा, पाला, बाबा काढला की ते हात वर करतात.

सप्टेंबरच्या पुरात परांड्याची काय दशा झाली ते तू टीव्हीवर पाहिलंसच. ऑक्टोबरची बैठक झाली नाही. पण ज्या रात्री पाणी चढलं, त्या रात्री मावशींचा मला फोन आला, "लेकरा, काड्या करतोस ना?" पाऊस कोसळत होता, गोठ्यात पाणी होतं, आणि मी उभ्या उभ्या काड्या तोंडात घातल्या.

आता तुझ्याबद्दल. दिवाळीत तुझ्या वरच्या खिशात पुडी दिसली. तेव्हा बोललो नाही, याचं मला जास्त वाईट वाटतंय. हे पत्र वाचून झालं की आरशापुढे उभा राहा आणि उभी तीन बोटं तोंडात जातात का बघ. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट लागलं की आग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यातलं काहीही असेल तर दुसऱ्या दिवशी दाखव. माझी दोन महिने दिरंगाई झाली होती. तुझा एक दिवस झालेलाही मला चालणार नाही. सोडणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. तलफ आली की मला फोन कर. रात्री दोनला केलास तरी चालेल. मी उचलेन.

१८ तारखेला माझी तपासणी आहे. तपासणीच्या आधीचे आठ दिवस मी अजून नीट जेवत नाही, कुणावरही खेकसतो, वहिनीला विचार. आजवर दर खेपेला बाकावर मास्तर शेजारी असतात. या खेपेला त्यांच्या नातीचं लग्न आहे, ते येणार नाहीत. पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालास तर पहाटे बार्शीत उतरशील. नऊला नंबर लागतो. डॉक्टर आत बोलावेपर्यंत काही बोलायची गरज नाही, माझ्या डाव्या बाजूला बस, तिकडून मला कमी ऐकू येतं.

तुझा,
बापू