बॅटरीच्या गाडीत मायनस बॉडीला जोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात बॅटरीवरच्या गाड्यांबद्दल जे येतं ते बहुतेक रेंज आणि चार्जिंगवरच असतं, तेही हवंच, पण मोटर कंट्रोलरचं (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी देणारा डबा) अर्थिंग आणि शिल्डिंग, म्हणजे वायरीभोवती धातूची जाळी, यावर कुणी लिहीत नाही, आणि जुन्या पेट्रोल गाड्या बॅटरीवर कन्व्हर्ट करणारी मंडळी नेमकी तिथेच चुकतात म्हणून हे पत्र.

पेट्रोल गाडीत १२ व्होल्टचा मायनस बॉडीलाच असतो, सगळ्यांचा हात तसाच बसलाय. पण मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीचे प्लस आणि मायनस दोन्ही बॉडीपासून वेगळे ठेवायचे असतात. एखादी वायर घासून बॉडीला लागली तरी करंटला परत जायला रस्ता मिळत नाही आणि इन्सुलेशन मॉनिटर (बॅटरी बॉडीपासून वेगळी आहे का ते सतत तपासणारं यंत्र) असेल तर तो आधीच सांगतो. मायनस बॉडीला जोडून ठेवला की पहिला फॉल्ट आपणच करून ठेवलाय, पुढची घासलेली प्लसची वायर म्हणजे थेट शॉर्ट! ६० व्होल्टच्या वरच्या डीसी सिस्टीमसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आर १०० या विजेच्या गाड्यांच्या सुरक्षा नियमात दर व्होल्टला किमान १०० ओहम इन्सुलेशन लागतं, म्हणजे ४०० व्होल्टच्या पॅकला ४० किलोओहम. त्याच नियमात कंट्रोलर, मोटर यांचे धातूचे डबे मात्र बॉडीला पक्के जोडलेले हवेत, रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या आत. डबा बॉडीला, बॅटरी नाही, एवढं जरी वाचकांपर्यंत पोचलं तरी खूप झालं.

आता नॉइजचं, म्हणजे विजेच्या गोंगाटाचं. कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो आणि प्रत्येक वेळी व्होल्टेज सेकंदाच्या अगदी बारीक भागात उडी मारतं, त्यामुळे मोटरच्या वायंडिंगमधून (आतल्या तारेच्या गुंडाळीतून) तिच्या बॉडीत करंटचे झटके उतरतात आणि ते कुठूनतरी कंट्रोलरकडे परत जाणारच. शिल्डमधून जवळचा रस्ता दिला नाही तर ते बेअरिंगमधून जातात, थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरच्या), हॉल सेन्सरच्या (मोटर कुठल्या स्थितीत आहे ते सांगणाऱ्या) वायरमधून जातात, मग गाडी मधेच झटका देते, हॉल एरर येतो आणि लोक चांगला कंट्रोलर बदलत बसतात. एएम रेडिओवरची गुणगुण पण यातलीच, काही कंपन्यांनी तर त्यापायी गाडीतून एएम रेडिओच काढून टाकला.

शिल्डेड केबल वापरली की काम झालं असं समजतात, तसं नाहीये. शिल्डची जाळी पिळून शेपटी करायची आणि लांब वायरने बोल्टला लावायची ही पद्धत फार दिसते. १० सेंटिमीटर वायरचं इंडक्टन्स (झपाट्याने बदलणाऱ्या करंटला होणारा विरोध) साधारण १०० नॅनोहेन्री भरतं, १० मेगाहर्ट्झला त्याचे ६ ओहम होतात, आणि मल्टीमीटर मात्र शून्य दाखवत असतो म्हणून कुणाला संशयच येत नाही. जाळी क्लॅम्पखाली सगळ्या बाजूंनी दाबून बसली पाहिजे, मोटरच्या फेज केबलला (कंट्रोलरपासून मोटरला जाणाऱ्या तीन जाड वायरींना) दोन्ही टोकांना, आणि क्लॅम्पखालचा रंग खरवडून. थ्रॉटलच्या बारीक सिग्नल वायरचं शिल्ड बहुतेक वेळा कंट्रोलरच्या टोकालाच जोडलेलं बरं. तिन्ही फेज वायरी एकत्र न्या, बॅटरीच्या प्लस-मायनस एकमेकींना चिकटून न्या, सिग्नलच्या वायरी त्यांच्यापासून लांब, आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. यात खर्च जवळपास काहीच नाही, लक्ष द्यावं लागतं फक्त.

माझं म्हणणं असं की कन्व्हर्शन किंवा मोठं रिपेअर करून गाडी परत देताना वर्कशॉपने इन्सुलेशन रेझिस्टन्स आणि डब्याच्या जोडणीचं रीडिंग लेखी द्यावं, आणि गिऱ्हाइकाने ते मागावं. ट्रेनिंग नसलेल्यांनी हाय व्होल्टेजची कव्हर उघडून स्वतः मोजू नये. तुम्ही यावर एखाद्या जाणकाराकडून सविस्तर लेख, वायरिंगच्या चित्रासकट, छापावा ही विनंती.

आपला,
एक वाचक