तारीख वैध आहे, पण ती कोणत्या क्षणाची?

प्रति,
माननीय संपादक,

विषय: एक्सएमएल स्कीमामधील तारीख व वेळ यांची नोंद

स. न. वि. वि.

संगणकीय माहितीच्या देवाणघेवाणीविषयी आपल्या अंकात नुकताच आलेला लेख वाचला. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकामुळे तारखांचा घोळ आता संपल्यात जमा आहे, असा त्याचा सूर होता. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हा वाद त्या मानकाने मिटवला, हे मान्यच आहे. परंतु एक्सएमएल स्कीमा, म्हणजे एक्सएमएल या मजकूर-स्वरूपाच्या फाइलमध्ये कोणती माहिती कशी लिहावी हे ठरवणारी नियमावली, लिहिण्याचे काम करणाऱ्यांना माहीत असते की, तारीख कशी लिहायची हे ठरल्यानंतरही ती लिहून नेमके काय सांगायचे आहे हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि स्कीमाची वैधता-तपासणी त्याचे उत्तर आपण होऊन देत नाही.

डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने मे २००१मध्ये एक्सएमएल स्कीमाचे जे मानक प्रसिद्ध केले, त्यात तारीख-वेळेसाठी एक नव्हे तर नऊ प्रकार दिले होते: पूर्ण तारीख-वेळेचा ‘डेटटाइम’, नुसत्या तारखेचा ‘डेट’, नुसत्या वेळेचा ‘टाइम’, कालावधीचा ‘ड्युरेशन’ आणि वर्ष, महिना, दिवस सुटे किंवा जोडीने लिहिण्यासाठी आणखी पाच. या पाचांचा उपयोग विरळाच होतो. त्यांपैकी नुसत्या महिन्याच्या प्रकारात पहिल्या आवृत्तीत शेवटी दोन रेघा जास्तीच्या छापल्या गेल्या होत्या आणि त्या पुढे शुद्धिपत्राने काढाव्या लागल्या, यावरून त्याकडे किती जणांचे लक्ष होते याची कल्पना यावी.

खरी अडचण ‘डेटटाइम’मध्ये आहे. यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचे अंतर त्यात लिहिता येते, पण ते लिहिणे ऐच्छिक आहे. माझ्या मते त्या मानकातील सर्वांत महागात पडलेला निर्णय हाच. कारण अंतर लिहिलेले मूल्य काळाच्या ओघातील एक निश्चित क्षण दाखवते, तर अंतर न लिहिलेले मूल्य कुठल्या तरी भिंतीवरच्या घड्याळात काय दिसत होते एवढेच सांगते. आणि या दोन भिन्न गोष्टी एकाच नावाच्या एलिमेंटमध्ये, म्हणजे फाइलमधील माहितीच्या घटकात, शेजारी शेजारी येऊनही फाइल वाचून तपासणारा पार्सर तक्रार करत नाही. त्यांची तुलना करायची वेळ आली की मानकाचा नियम असा आहे की, अंतर नसलेले मूल्य यूटीसीच्या १४ तास मागेपुढे कुठेही असू शकते असे धरावे. त्यामुळे एका नोंदीत १ मार्च, दुपारचे १२ असे अंतराविना लिहिले असेल आणि दुसरीत त्याच दिवशीचे यूटीसी १३ वाजल्याचे असेल, तर आधी कोणती घडली याचे अधिकृत उत्तर ‘ठरवता येत नाही’ असे आहे. हे उत्तर निदान प्रामाणिक तरी आहे. २००७मध्ये आलेल्या एक्सपाथ २.० या शोधभाषेने मात्र वेगळी वाट धरली: अंतर नसेल तेथे प्रणालीला लागू असलेला टाइमझोन गृहीत धरायचा. परिणामी तीच फाइल आणि तोच प्रश्न दोन वेगळ्या सर्व्हरवर दोन वेगळी उत्तरे देऊ शकतो, आणि कोठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही.

याच्या उलट चूक जन्मतारखेच्या बाबतीत होते. जन्मतारीख हा क्षण नव्हे. ती व्यक्ती जगात कोठेही गेली तरी ती बदलत नाही. तरीही अनेक स्कीमांत ती सवयीने ‘डेटटाइम’ म्हणून लिहिली जाते आणि मध्यरात्रीची वेळ तिला चिकटवली जाते. यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असलेल्या ठिकाणी १ मार्च २०२४ची मध्यरात्र म्हणून नोंदवलेले मूल्य यूटीसीत बदलले की २९ फेब्रुवारी, सायंकाळचे साडेसहा अशी वेळ होते; पुढच्या प्रणालीने त्यातला तारखेचा भाग तेवढा ठेवला, तर बाळ एक दिवस आधी आणि तेही लीप वर्षातल्या जादा दिवशी जन्मले असे ठरते. ‘डेट’ हा प्रकार निवडूनही धोका पूर्णपणे टळत नाही, कारण त्यालाही टाइमझोनचे अंतर जोडण्याची मुभा आहे.

भविष्यातील वेळेची गोष्ट आणखी निराळी आहे. पुढील वर्षी सकाळी १० वाजता ठरलेली सुनावणी आज यूटीसीपासूनच्या अंतरासह नोंदवली आणि मधल्या काळात त्या देशाने उन्हाळी वेळेचे नियम बदलले, तर नोंद जुन्याच क्षणाला चिकटून राहील आणि माणसे नव्या घड्याळाप्रमाणे येतील. अंतर म्हणजे टाइमझोन नव्हे: अंतर हा नुसता आकडा, तर टाइमझोन म्हणजे एखाद्या प्रदेशाच्या वेळेचे नियम. अशा नोंदीसाठी स्थानिक वेळ अंतराविना लिहावी आणि टाइमझोनचे नाव वेगळ्या एलिमेंटमध्ये द्यावे, कारण ‘डेटटाइम’मध्ये त्या नावाला जागाच नाही.

कालावधीबद्दल थोडेच लिहितो. एक महिना आणि ३० दिवस यांत मोठे कोणते, हे मानकानुसार ठरत नाही. ३० मार्चमध्ये आधी एक दिवस आणि मग एक महिना मिळवला तर ३० एप्रिल येतो, तर क्रम उलटा केल्यास १ मे. मुदती, दंड किंवा व्याज अशा हिशेबांवर अवलंबून असतील, तर मोजणीचा क्रम लेखी ठरलेला असणे आवश्यक आहे.

एक्सएमएल स्कीमाच्या एप्रिल २०१२मध्ये आलेल्या १.१ आवृत्तीने यातील बऱ्याच गोष्टींवर उपाय दिला आहे. तिच्यातील ‘डेटटाइमस्टँप’ या प्रकारात टाइमझोनचे अंतर सक्तीचे आहे, आणि इतर प्रकारांवर ‘एक्सप्लिसिटटाइमझोन’ हे बंधन घालून अंतर आवश्यक, ऐच्छिक की निषिद्ध हे सांगता येते. म्हणजे घडून गेलेल्या व्यवहारासाठी अंतर आवश्यक आणि जन्मतारखेसाठी निषिद्ध, असे स्कीमातच लिहून ठेवता येते. दुर्दैवाने पुष्कळशी साधने अजून २००१च्या १.० आवृत्तीवरच थांबलेली आहेत. तेथेही मूल्य कोणत्या साच्यात लिहावे हे ठरवणारे ‘पॅटर्न’चे बंधन वापरून मूल्याच्या शेवटी अंतर असलेच पाहिजे, किंवा असताच कामा नये, अशी अट घालणे एका ओळीचे काम आहे. सार्वजनिक वापरासाठी स्कीमा प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांनी प्रत्येक तारखेच्या एलिमेंटवर ही अट घालावी आणि ते मूल्य क्षण आहे, दिनदर्शिकेतील दिवस आहे की स्थानिक घड्याळातील वेळ, हे त्याच्या टिपणीत स्पष्ट लिहावे, अशी माझी त्यांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
माहितीप्रणालींवर काम करणारा एक वाचक