लेबलवर चित्रकाराचंही नाव हवं

संपादक महोदय,

ऑस्ट्रेलियात फिरायला आलेली आपली माणसं जाताना ठिपक्यांच्या आदिवासी नक्षीची उशीकव्हरं, चटया आवर्जून घेतात. काहींवर 'प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेले' असं ठळक छापलेलं असतं. कचरा असा सत्कारणी लागतोय, हे उत्तमच. पण चित्र कुणाचं, हे त्याच लेबलवर अनेकदा नसतं, याची मला फार खंत वाटते.

ही नक्षी नुसती शोभेची नाही. तिच्यात त्या त्या कुळाच्या भूमीच्या आणि पूर्वजांच्या कथा असतात, आणि त्या रंगवण्याचा हक्क ठरावीक माणसांनाच असतो. आदिवासी चित्रकार बांडुक मारिका यांचं पवित्र पाणवठ्याचं चित्र, त्यांना न विचारता, व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर उतरवलं गेलं. म्हणजे लोकांनी ते पायाखाली तुडवायचं! १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने त्यांच्यासह आठ चित्रकारांच्या बाजूने निकाल दिला आणि १,८८,६४० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई ठरवली. तरीही ऑस्ट्रेलिया सरकारच्या उत्पादकता आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार, आदिवासी कलेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या भेटवस्तूंपैकी निम्म्याहून अधिक बनावट आहेत.

चांगलं कामही होतंय. अ‍ॅडलेडची 'बेटर वर्ल्ड आर्ट्स' ही कंपनी आदिवासी चित्रकारांच्या आकृत्या काश्मिरी कारागिरांकडून उशीकव्हरांवर भरून घेते आणि चित्रकारांना रॉयल्टी देते.

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं, तरी चादरींवर तिची नक्कल सर्रास दिसते. त्यामुळे ही व्यथा आपल्याला परकी नाही. खरेदीआधी दुकानदाराला एवढं जरूर विचारा: चित्रकार कोण, आणि त्यांना मोबदला मिळतो का?

– एक वाचक, मेलबर्न