आजोबा ड्युरेबल असू शकतात

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थ्यांच्या पुरवणीत गेल्या गुरुवारी इंग्रजी सुधारण्याच्या सदरात एक चौकट होती. ड्युरेबल, परमनंट, पेरेनियल, एन्ड्युअरिंग, एव्हरलास्टिंग, टाइमलेस असे सात-आठ शब्द एकाखाली एक आणि सगळ्यांसमोर मिळून एकच मराठी अर्थ: कायम टिकणारा. खाली सल्ला, की निबंधात तोच तो शब्द येऊ नये म्हणून हे आलटून-पालटून वापरावेत. माझी नात नववीत आहे आणि दुर्दैवाने आज्ञाधारक आहे. तिने 'माय ग्रँडफादर' या निबंधात लिहिलं, 'माय ग्रँडफादर इज व्हेरी ड्युरेबल.' बाईंनी खाली तांबडी रेघ मारली, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि अर्धा मार्क कापला. संध्याकाळी वही माझ्या पुढ्यात आली. "आजोबा, पेपरात दिलंय ना, मग चूक कसं?"

मी काही इंग्रजीचा मास्तर नव्हे. १९७८ साली रेल्वेत गँगमन म्हणून लागलो, २०१८ साली पी-वे मिस्त्री म्हणून सुटलो. पी-वे म्हणजे परमनंट वे. रूळ, स्लीपर, खडी, रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपा, या सगळ्याला मिळून रेल्वेत परमनंट वे म्हणतात. ज्या शब्दाने चाळीस वर्षं पगार दिला आणि आता पेन्शन देतोय, त्याला 'कायम टिकणारा' म्हटलेलं बघून गप्प बसवेना. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून कधीकाळी घेतलेली जाडजूड डिक्शनरी माळ्यावरून काढली, झटकली आणि दोन दिवस तिच्यातच होतो. हे पत्र त्या दोन दिवसांचं.

परमनंट वे हे नाव कसं पडलं ते आधी सांगतो. इंग्रज ठेकेदार लाइन बांधताना माती-दगडाच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, न्यायला आधी कच्चे रूळ टाकत. भराव बसला, पूल उभे राहिले, की ते उपटून पक्के टाकत. त्या कच्च्याच्या मानाने हा पक्का, म्हणून परमनंट. बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी गेली ती ३४ किलोमीटरच्या अशाच वाटेवरून. आता गंमत बघा. त्या दिवशीचा रूळ आज त्या मार्गावर शोधून सापडायचा नाही. लाकडी स्लीपर गेले, लोखंडी आले, तेही गेले, आता काँक्रीटचे आहेत. खडी तर दर काही वर्षांनी चाळायची आणि नवी भरायची. रोज सकाळी कीमन खांद्यावर हातोडा आणि हातात निशाणं घेऊन आपला पाच-सहा किलोमीटरचा टप्पा पायी तुडवतो, क्लिप सैल दिसली की तिथेच ठोकतो. मुरलेल्या कीमनला बघावंही लागत नाही, हातोड्याच्या आवाजावरून कळतं. घट्ट क्लिप टणकन बोलते, सैल बोदी वाजते. थोडक्यात, परमनंट वेमध्ये परमनंट अशी एकही वस्तू नाही. राहिली ती वाट. डिक्शनरीत बघितलं तर लॅटिनमध्ये 'मानेरे' म्हणजे राहणं, मुक्काम करणं. ज्याचा मुक्काम हलत नाही ते परमनंट. ती वस्तू किती दणकट, हा प्रश्न त्या शब्दात नाहीच.

मुंबईकराला हे खरं तर शिकवायला नको. आमच्याकडे फॉर्मवर 'कायमचा पत्ता' लिहायचा तर लोक संगमेश्वर तालुक्यातलं घर लिहितात, जिथे कुलूप आहे आणि गणपतीत चार दिवस चूल पेटते. ज्या मुलुंडच्या खोलीत पंचेचाळीस वर्षं काढली ती 'हल्लीचा पत्ता'. आणि नोकरीतला परमनंट तर विचारूच नका. माझे मामा लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. रोज पहाटे गेटवर उभं राहायचं, कोणी परमनंट माणूस गैरहजर असला तर आत जायचं, नसला तर चहा पिऊन परत. आठ-नऊ वर्षांनी ते परमनंट झाले, तेव्हा मामीने चाळीत पेढे वाटले. त्यानंतर दोन वर्षांत, १८ जानेवारी १९८२ ला, संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर पडली ती बहुतेक बाहेरच राहिली. मामांचं परमनंट कार्ड मामीच्या ट्रंकेत अजून आहे. माझं लग्न ठरताना मुलीकडच्यांनी एकच चौकशी केली होती, मुलगा परमनंट आहे का. मी तेव्हा 'टेम्पररी स्टेटस'वर होतो. हंगामी माणसाने सलग १२० दिवस भरले की त्याला ते मिळे. हा दर्जा तात्पुरता की तात्पुरत्याचा दर्जा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. सासरे मात्र 'स्टेटस' एवढंच ऐकून खूश झाले.

इतिहासातही तेच. १७९३ साली कॉर्नवॉलिसने बंगालात जमीनसारा ठरवला, त्याला परमनंट सेटलमेंट म्हणतात आणि आपल्या पुस्तकात 'कायमधारा' असं त्याचं सुरेख भाषांतर आहे. स्वातंत्र्यानंतर पाच-सात वर्षांत तो गेला. धारा गेला, नावातलं कायम राहिलं.

आता एव्हरलास्टिंगमधला लास्ट. या शब्दाने मला अख्खी रात्र जागं ठेवलं. 'शेवटचा' या अर्थाचा लास्ट, आपल्या लास्ट कसारा लोकलमधला, तो 'लेट'चा भाऊबंद. मध्य मार्गावर हे नातं कोणाला पटवून द्यावं लागणार नाही. पण 'टिकणं' या अर्थाचा लास्ट निराळाच निघाला. त्याचं मूळ जुन्या इंग्रजीत पाऊलखूण, माग. माग काढत चालत राहणं, त्यावरून नुसतं चालत राहणं, त्यावरून टिकणं. चांभाराच्या पेटीतला पायाच्या आकाराचा लाकडी साचा, त्यालाही इंग्रजीत लास्टच म्हणतात आणि तो याच घरातला. चाळीस वर्षं मी रात्री लास्ट लोकल गेल्यावर रुळावर उतरलो आणि पहाटेच्या पहिल्या लोकलआधी वर आलो. दोन्ही लास्ट एका रात्रीत माझ्या पायाखाली होते आणि मला पत्ता नव्हता! मराठीतही आपण म्हणतोच की, 'हा पंखा अजून चालतोय', 'ही चप्पल दोन वर्षं चालली'. टिकण्याला चालणं म्हणणारे आपण एकटेच नाही, हे कळून बरं वाटलं.

ड्युरेबल आणि एन्ड्युअरिंग हे मात्र सख्खे भाऊ. लॅटिन 'ड्युरस' म्हणजे कठीण, टणक, त्यावरून दोन्ही. तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ड्युरेबल म्हणजे मुळातच दणकट बनवलेलं. मिक्सर, फ्रिज, कुकर. या शब्दाला मर्यादाही चालते, अमेरिकेच्या सरकारी हिशेबात तर साधारण तीन वर्षं चालणारी वस्तूसुद्धा ड्युरेबल. एन्ड्युअर करणं म्हणजे टिकणं आणि सोसणंही. आमच्या रुळाचं उदाहरण देतो. भिलाईहून येतो तेव्हा रूळ ड्युरेबल असतो, मीटरला ६० किलो वजनाचा, चकचकीत, हात लावावासा वाटेल असा. पण त्याचं आयुष्य आम्ही वर्षांत मोजत नाही. अंगावरून किती वजन गेलं त्यात मोजतो. त्या मापाला जीएमटी म्हणतात, एक जीएमटी म्हणजे दहा लाख टन. या जातीचा रूळ ८०० जीएमटीला बदलायला येतो. म्हणजे ८० कोटी टन. आडवळणाच्या लाइनवर त्याला म्हातारा व्हायला दोन पिढ्या लागतील, कुर्ला-ठाणे पट्ट्यात त्या मानाने लवकर पिकतो. वय नाही, सोसलेलं ओझं मोजायचं. एन्ड्युअरिंगला याहून चांगलं माप मला ठाऊक नाही. मराठीत ड्युरेबलला दणकट म्हणा, एन्ड्युअरिंगला चिवट म्हणा, तग धरणारा म्हणा. आपल्या आईबापांच्या पिढीला आपण सोशिक म्हणायचो, तोही शब्द इथे बसतो.

एव्हरलास्टिंग आणि इटर्नल यांच्यावर फार लिहीत नाही. एकाला आरंभ असतो पण शेवट नसतो, दुसऱ्याला दोन्ही नाहीत, आपल्याकडे तो अनादि-अनंत. एवढंच सांगतो की चिरंजीव म्हटलं की आपल्याला लग्नपत्रिकेतला 'चि.' आठवतो, पण सात चिरंजीवांत अश्वत्थामाही आहे. कपाळावरची भळभळती जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरणारा. त्याला टाइमलेस ब्यूटी म्हणून दाखवा बघू. बिल्डर म्हणतील. परवाच्याच अंकात, आपल्याच पहिल्या पानावर, 'टाइमलेस लक्झरी' अशी पानभर जाहिरात आहे आणि खाली बारीक अक्षरात ताबा कोणत्या महिन्यात ते दिलंय. काळ लागूच नाही तर महिना कशाला?

पेरेनियल मात्र मला फार आवडला. 'पेर' म्हणजे मधून, आरपार, 'आनुस' म्हणजे वर्ष. वर्षभर आरपार. हा तर हुबेहूब आपला बारमाही! बारमाही नदी, बारमाही विहीर. त्याचा दुसरा अर्थ दर साल उगवणारा. सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी येतं तो पेरेनियल प्रश्न. आपले बातमीदार त्याला 'चिरंतन समस्या' लिहितात, तेव्हा वाटतं की वेदांपासून चालत आलीय. ती जुलैत येते आणि सप्टेंबरात जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री आम्ही लाइनवर होतो. पाणी उतरल्यावर पहिलं काम काय, तर खडी हाताने चाचपायची. वरून रूळ सरळ दिसतो, पण खालची खडी वाहून गेली असेल तर स्लीपर लोंबत असतो. पाय दिला की हलका दबतो, दातासारखा.

यावरूनच शेवटची तक्रार, ती या चौकटीतली नाही, तुमच्या अग्रलेखांतली आहे. सस्टेनेबलला तुम्ही सरसकट शाश्वत लिहिता. शाश्वत विकास. सरकारही तेच लिहितं, त्यामुळे तुम्हा एकट्याला दोष नाही. पण सस्टेनचं मूळ आहे 'खालून धरणं'. खालून तोलून धरणं म्हणजे आमची खडी. खडी शाश्वत नसते हो! पाऊस पडला की वाहते, गाड्या गेल्या की तिचा भुगा होतो, आणि तरी तिनेच सगळं धरलेलं असतं, कारण कोणीतरी ती भरत राहतं. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या, ब्रुंटलँडबाईंच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने सस्टेनेबल विकासाची जी व्याख्या केली तिच्यातही, पुढच्या पिढ्यांच्या गरजा अडचणीत न आणता आजच्या भागवाव्यात, एवढंच आहे. अनंतकाळाची हमी कुठेच नाही. मला विचाराल तर 'पेलवणारा विकास' म्हणावं. कोस्टल रोड असो की मेट्रो, शहराला पेलवेल का, हा प्रश्न निदान विचारता येतो. शाश्वत म्हटलं की नमस्कार करून मोकळं व्हायचं.

तर संपादक महाशय, विनंती एवढीच की त्या चौकटीची दुरुस्ती छापा आणि प्रत्येक शब्दासमोर त्याचा त्याचा अर्थ द्या. मुलांना 'आलटून-पालटून' हा सल्ला देऊ नका. आम्ही क्लिपा आलटून-पालटून लावल्या असत्या तर तुमचा अंक डोंबिवलीला वेळेवर पोचला नसता.

नातीच्या वाक्यावर मी दोन दिवस विचार केला. तिला म्हटलं, माणसाला ड्युरेबल म्हणत नाहीत, तो मिक्सरला म्हणतात, बाईंचं बरोबर आहे. तिने वही मिटली आणि माझ्या पायाकडे बघितलं. गेल्या वर्षी माझा उजवा गुडघा बदलला. चाळीस वर्षं खडीवर चालल्याचा प्रसाद. आत आता कोबाल्ट-क्रोमचा धातू आहे आणि मध्ये प्लास्टिकची चकती, आणि डॉक्टर म्हणाले आहेत, पंधरा-वीस वर्षं बघायला नको.

तेव्हा बाईंनी ही पुरवणी वाचली तर अर्धा मार्क परत द्यावा. निदान उजव्या गुडघ्यापुरता.

आपला,
एक निवृत्त पी-वे मिस्त्री
मुलुंड (पूर्व), मुंबई