घाटातले कठडे फक्त कारसाठी?

चिपळूणजवळच्या घाटात गेल्या पावसाळ्यात चिऱ्यांनी भरलेला ट्रक वळणावरच्या लोखंडी कठड्यावर गेला. पत्रा पार चपटा, आणि खांब भिजल्या तांबड्या मातीतून मुळ्यासारखे उपटलेले. ट्रक दरीकडे कलंडून कसाबसा अडकला, ड्रायव्हरचं नशीब म्हणायचं.

कार अशा कठड्याला घासून पुन्हा रस्त्यावर वळते. भरलेल्या ट्रकचं तसं नाही. त्याचा भार पट्टीच्या बराच वर असतो. खाली चाकं अडली तरी वरचा माल पुढेच रेटतो आणि गाडी कठड्यावरून पालथी होते. युरोपीय मानकांत साध्या कठड्याची चाचणी १५०० किलोच्या कारने ताशी ११० किमी वेगाने घेतात, सर्वांत भक्कम कठड्याची ३८ टनी ट्रकने ताशी ६५ किमीने. कोन दोन्हीकडे २० अंशांचाच, पण धडकेची ऊर्जा जवळपास नऊपट!

आमच्या वळणावर महिन्याभराने तोच पत्रा ठोकून पुन्हा बसवला. रंग तेवढा नवा. निदान दरीच्या बाजूला तरी उंच काँक्रीटचा कठडा बांधावा, आणि तोही पावसाआधी.

- एक वाचक, चिपळूण