मैनेच्या कोपऱ्याबद्दल मोतद्दार काकांचे आभार

आदरणीय काकांना सादर नमस्कार.

भाद्रपदात तुम्ही आमच्याकडचे मोतद्दाराचे, म्हणजे घोड्यांची निगा राखण्याचे, काम सोडून गावी परतलात तेव्हा मी परगावी होते आणि तुमचे आभार मानायचे राहून गेले. हे पत्र मुद्दाम सर्वांसमोर लिहिते आहे, कारण बुजणारे जनावर ज्यांच्या पदरी आहे त्यांनाही तुमची रीत कळावी असे मला मनापासून वाटते. तुमची नात ते तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवील.

आमची मारवाडी जातीची घोडी मैना आम्ही सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत घेतली. तापीकाठच्या त्या गर्दीत, भोंगे आणि ढोल वाजत असतानाही ती शांत उभी होती. म्हणूनच पुण्याजवळच्या आमच्या वीस बाय चाळीस मीटरच्या रिंगणात आल्यावर ती नेमक्या एकाच कोपऱ्याला का बुजते, हे मला काही केल्या उमगत नव्हते. रिंगणाच्या कडेने खुणेसाठी अक्षरे लावलेली असतात, त्यांतल्या ‘सी’ आणि ‘एम’ या अक्षरांमधला तो कोपरा. कठड्यापलीकडे चाऱ्याच्या गंजीवर टाकलेली निळी ताडपत्री आणि दुपारनंतर वाटेवर आडवी पडणारी पत्र्याच्या शेडची काळी सावली. तिथे पोहोचताच मैनेचे ते टोकाला टोक भिडणारे मारवाडी कान ताठ होत, पाठ आखडे आणि एका उडीत ती आतल्या बाजूला वळे. फेब्रुवारीत अशाच एका उडीत मी पडले आणि माझे कॉलरबोन मोडले.

घोडी लबाड आहे, चाबूक दाखवून तिला तिथून नेलेच पाहिजे, असे मला सांगण्यात आले होते आणि मी ते ऐकलेही होते. त्यामुळे तिला कोपऱ्याच्या जोडीला चाबकाचीही भीती बसली. याचे वाईट मला आजही वाटते.

तुम्ही पहिल्या दिवशी खोगीर घालूच दिले नाही. दोर ढिला सोडून तुम्ही तिच्या खांद्यालगत चालत राहिलात. कोपरा वीसेक पावलांवर असताना तिचा एक कान तिकडे वळला, तिथेच तुम्ही थांबलात आणि म्हणालात, ‘‘आज हिची हद्द इथवर.’’ ती आखडण्याआधीच तुम्ही तिला माघारी फिरवलेत. पुन्हा गेलात, पुन्हा फिरवलेत. माघारी फिरता येते एवढा भरवसा बसला की घोडी आपल्या पायाने पुढे येते, हे तुमचे म्हणणे मला तेव्हा पटले नव्हते. पण चौथ्या दिवशी हद्द दहा पावलांवर आली होती, आणि तीही तुम्ही ओढल्यामुळे नव्हे.

नंतर मी घोड्याच्या नजरेविषयी वाचले, तेव्हा तुम्ही करत होता त्या प्रत्येक गोष्टीमागचे कारण मला समजत गेले. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते. मात्र कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग त्याला दिसत नाही. उन्हातून अंधारात जाताना त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तांबडा आणि हिरवा हे रंग त्याला वेगळे ओळखता येत नाहीत, पण निळा त्याला चांगला दिसतो. म्हणजे आमच्या लेखी जी नुसती सावली आणि नुसती ताडपत्री होती, ती मैनेच्या डोळ्यांना काळा खड्डा आणि त्यावर फडफडणारे काहीतरी वाटत असावे. तिचा लबाडपणा कुठेच नव्हता.

ताडपत्रीचा तो तुकडा तुम्ही घडी करून तिच्या चंदीच्या, म्हणजे खुराकाच्या, घमेल्याखाली कसा ठेवलात, ते मी विसरणार नाही. पहिल्या संध्याकाळी मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून तिने भरड्याचे दोन घास घेतले. रोज तुम्ही घडी थोडी उलगडत गेलात. पंधरवड्याने ती त्या ताडपत्रीवर पुढचे दोन्ही पाय ठेवून खात होती आणि तुम्ही बाजूला उभे राहून नुसते तिचे कान बघत होता. म्हातारा अख्ता (खच्ची केलेला) घोडा कोपऱ्यात बांधून त्याला निवांत गवत खाऊ घालणे, हीसुद्धा तुमचीच युक्ती. तो चघळत राही आणि ती त्याच्याकडे बघत राही.

मी पुन्हा रिकिबीत पाय ठेवला तेव्हा हात माझेच कापत होते. कोपरा जवळ आला की मी लगाम आवळते आणि श्वास रोखते, म्हणजे पुढे काहीतरी भयंकर आहे असे मीच तिला सांगते, हे तुम्ही किती हळुवारपणे दाखवून दिलेत! तिची मान किंचित आत वळवायची, आतला पाय पोटाशी हलकेच लावायचा, नजर ताडपत्रीवर न ठेवता पुढच्या ‘बी’ अक्षरावर ठेवायची आणि लांब श्वास सोडायचा. एका बाजूने सवय झाली म्हणून दुसऱ्या बाजूनेही झालीच असे धरू नका, हे तुम्ही बजावले नसते तर मी उलट्या दिशेने पुन्हा पडले असते.

काका, तुम्ही गेल्यानंतरची एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. दसऱ्याला घोड्यांची पूजा झाली आणि कठड्याला झेंडूच्या माळा बांधल्या. ‘एम’जवळची माळ सुटून वाऱ्यावर हेलकावत होती. मैना थांबली, फुरफुरली. मी लगाम ढिला सोडला आणि तिला वेळ दिला. तिने मान खाली घालून माळ हुंगली, एक फूल तोडले आणि चघळतच ती पुढे निघाली; त्या कोपऱ्यातून आम्ही दुडक्या चालीने गेलो.

या मार्गशीर्षात मी सारंगखेड्याला येणार आहे. मी देऊ केलेले पैसे तुम्ही घेतले नाहीत; निदान तुमच्या घरी येऊन तुमच्या पाया पडू द्या.

आपली नम्र,
मैनेची मालकीण