सही छाननीच्या दिवशी नको, अर्ज घेतानाच तपासा

मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली

महोदय,

अपक्ष उमेदवारांचे अर्ज मी बरीच वर्षं भरून देतो. विधानसभेच्या एका निवडणुकीतला अर्ज मात्र मनातून जात नाही. अपक्षाला दहा सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारे मतदार, लागतात. नऊ जणांनी सह्या केल्या, दहाव्या सूचक एक आजी. त्यांनी ओटीवर बसूनच निळ्या शाईचा अंगठा उमटवला आणि बोट पदराला पुसलं. अर्ज दाखल झाला, पोच मिळाली, आणि छाननीत बाद झाला! १९६१च्या निवडणूक संचालन नियमांनुसार अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर उमटवायचा असतो, आणि त्याने तो साक्षांकित करायचा असतो. नियम योग्यच आहे. पण अर्ज घेताना कुणी एवढं सांगितलं असतं, तर आजींना रिक्षाने तासाभरात आणलं असतं. तेव्हा मुदत शिल्लक होती.

१९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३३ पाहा. अर्ज घेतानाच उमेदवाराचं आणि सूचकांचं नाव, यादी क्रमांक मतदार यादीशी ताडून पाहायचा, आणि लेखनाची किंवा छपाईची चूक दिसली तर ती सुधारू द्यायची किंवा तिकडे दुर्लक्ष करायचं, असं ते सांगतं. नावाला एवढी सवलत आहे. सही खरी की खोटी हा प्रश्न मात्र कलम ३६ खाली छाननीत येतो, आणि तोवर नवा अर्ज भरायची वेळ टळून गेलेली असते.

सुरतेत २०२४ साली काय झालं, ते देशाने पाहिलं. काँग्रेसच्या उमेदवाराच्या तीन सूचकांनी ‘या सह्या आमच्या नाहीत’ असं प्रतिज्ञापत्र दिलं. त्याचा अर्ज बाद झाला, पर्यायी उमेदवाराचाही झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. खरं कोण बोललं यात मी पडत नाही. पण लोकसभेच्या अख्ख्या मतदारसंघाला मतच देता आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्या सह्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत झाल्या असत्या, तर असा वाद उभाच राहिला नसता.

म्हणून विनंती आहे की सूचकाची सही असो वा अंगठा, तो अधिकाऱ्यासमोरच घ्यावा आणि तिथेच प्रमाणित करावा. त्यासाठी दहा माणसांची मजुरी मात्र बुडवू नका. हा अधिकार गावातल्या तलाठ्याला द्या.

आपला,
एक मतदार